बेकायदा फलकाची तक्रार: आधी बघा, जागा कोणाची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पावसाळ्याच्या आधी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. दहा बाय आठचा. फुटपाथचे दोन पेव्हर ब्लॉक उचकटून त्या खड्ड्यांत बांबू रोवलेले, वरून तारेनं विजेच्या खांबाला आवळलेले. वारा आरपार जावा म्हणून फ्लेक्सला ब्लेडनं अर्धगोल काप दिलेले, आणि तरी वारा सुटला की त्याचा फडफडाट दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. गल्लीतून बाहेर पडणाऱ्या दुचाकीवाल्याला उजवीकडून येणारी बस दिसतच नव्हती. पुढचं चाक मुख्य रस्त्यावर काढल्याशिवाय काही कळायचं नाही.

मी महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. फोटो जोडला आणि लिहिलं, "मुख्य रस्त्यावर बेकायदा फ्लेक्स लावला आहे, तो त्वरित काढावा." तीन दिवसांनी मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. फ्लेक्स जिथल्या तिथे.

तणतणत कार्यालयात गेले. तिथल्या कर्मचाऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तो रस्ता अडीच किलोमीटरचा आहे. आमची गाडी गेली होती, पलीकडच्या टोकाला दोन फ्लेक्स होते, ते उतरवून आली." त्याचं बरोबर होतं. मी जागा सांगितलीच नव्हती. तेव्हापासून अशा बऱ्याच तक्रारी केल्या, काही तडीस गेल्या, काही नाहीत. महाराष्ट्रातल्या शहरांत ही तक्रार कशी करायची, कोणाकडे करायची आणि ती कुठे अडते, ते इथे सांगते.

सगळ्यात आधी, बेकायदा म्हणजे काय? महापालिका क्षेत्रात लोकांच्या नजरेस पडेल अशी जाहिरात लावायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आहे आणि त्याचं कलम ३२८ व ३२८अ. बाकीच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५ लागू होतात. या कायद्यांत एक सुंदर शब्द आहे, 'आकाशचिन्ह'. इमारतीवर किंवा सांगाड्यावर उभारलेली, रस्त्यावरून पाहताना जिच्यामागे आकाश दिसतं अशी जाहिरात. म्हणूनच पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये या विभागाचं नाव 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' आहे. मुंबईत हेच काम अनुज्ञापन खातं पाहतं. कार्यालयात जाऊन "होर्डिंगवाले साहेब कुठे बसतात" असं विचारलं तरी चालतं, पण अर्जावर विभागाचं नाव बरोबर असलं की अर्ज टेबलाटेबलावर फिरत नाही.

दुसरा कायदा १९९५ चा, मालमत्तेचं विरूपण रोखण्यासाठी केलेला. भिंती, कुंपणं, खांब, झाडं यांवर परवानगीशिवाय काही चिकटवणं, रंगवणं, टांगणं यात येतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजारांचा आकडा आज फारच तोकडा वाटतो, आणि तो आहेच. एका मोठ्या फ्लेक्सच्या छपाईलाच तेवढे पैसे जात असतील. तरी या कायद्याचा उल्लेख तक्रारीत जरूर करा, कारण पालिकेचा अधिकारी पोलिसांकडे गुन्हा नोंदवायला जातो तेव्हा त्याला याच कायद्याचा आधार असतो.

झाडाला खिळे ठोकून लावलेल्या पाट्यांसाठी, म्हणजे क्लासच्या, भाड्यानं खोलीच्या, मूळव्याधीच्या उपचारांच्या पाट्यांसाठी, वेगळा रस्ता आहे. ती तक्रार उद्यान विभागाकडे करा. शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. परवाना विभागाकडे गेलेली ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच पडून राहते.

वारा काय करतो

"फ्लेक्सच तर आहे, चार दिवसांनी जाईल" असं म्हणणाऱ्यांना मी एक साधा हिशोब सांगते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्यात दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर साधारण ७० किलो वजनाइतका जोर येतो, म्हणजे एखादा धडधाकट माणूस त्या बांबूंना लोंबकळावा तसा. वळवाच्या पावसाआधी वारा ताशी ९० वर गेला की तोच जोर पावणेतीनशे किलोंच्या पुढे जातो. आणि त्याला धरून ठेवणारं काय, तर फुटपाथमध्ये वीतभर रोवलेले दोन बांबू आणि तार.

१२ सप्टेंबर २०१९ ला चेन्नईत २३ वर्षांची एक सॉफ्टवेअर अभियंता स्कूटरवरून घरी चालली होती. दुभाजकावरचा एक फ्लेक्स तिच्या अंगावर पडला, ती खाली पडली आणि मागून येणाऱ्या टँकरखाली सापडली. फ्लेक्स एका लग्नसमारंभाचा होता.

मोठ्या होर्डिंगचा हिशोब आणखी घाबरवणारा आहे. १३ मे २०२४ ला संध्याकाळी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर जे होर्डिंग कोसळलं, ते साधारण १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. लांबी-रुंदी तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, आणि वारा धरतो तो क्षेत्रफळावर. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या पत्र्यावर साधारण ५० टनांचा जोर येतो. तो सगळा खालच्या पायानं पेलायचा. त्या दिवशी १७ माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. त्यातली कित्येक जण गाडीत इंधन भरायला किंवा पावसापासून आडोशाला तिथे थांबलेली होती.

त्याच्या एक वर्ष आधी, १७ एप्रिल २०२३ ला, पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्याला वादळी पावसात महामार्गालगतचं होर्डिंग कोसळून पाच जण गेले होते. तिथेही आडोशाला उभी असलेली माणसंच होती. वादळात माणूस मोठ्या वस्तूच्या आसऱ्याला जातो, आणि शहरात रस्त्याकडेची मोठी वस्तू पुष्कळदा होर्डिंगच असतं. तेव्हा पावसाळ्यात होर्डिंगखाली थांबू नका, आणि कोणी थांबलेलं दिसलं तर त्यालाही सांगा.

जागा कोणाची

आता मुद्द्याचं. घाटकोपरचं ते होर्डिंग लोहमार्ग पोलिसांच्या, म्हणजे रेल्वे पोलिसांच्या, ताब्यातल्या जागेवर होतं. परवानगी त्यांनी दिलेली, आणि महापालिकेचं म्हणणं की आमची परवानगी घेतलेलीच नाही. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुना बाजार चौकात सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर लोखंडी सांगाडा पडून चार जण गेले, तो सांगाडा रेल्वेच्या जागेत होता आणि तो उतरवायचं काम तेव्हा चालू होतं. दोन्ही ठिकाणी एकच फट दिसते. जागेचा मालक एक, रस्ता दुसऱ्याचा, आणि खालून जाणाऱ्या माणसाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे दुर्घटनेनंतर ठरवायला बसायचं. घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेनं २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली रेल्वेला नोटीस देऊन ४० बाय ४० पेक्षा मोठी होर्डिंग काढायला सांगितलं. म्हणजे अधिकार होता. तो वापरायला १७ जणांचा जीव जावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपली तक्रारसुद्धा याच फटीत पडते. पालिकेकडे केलेली तक्रार "सदर जागा आमच्या अखत्यारीत येत नाही" असा शेरा मारून बंद होते आणि आपण कंटाळून सोडून देतो. म्हणून लिहायला बसण्याआधी पाच मिनिटं जागेचा शोध घ्या. फलकाचे पाय कुठे रोवलेत ते बघा, तो झुकलाय कुठल्या बाजूला ते नंतर. रेल्वेच्या कुंपणाच्या आत पाय असतील तर रेल्वे, त्यासाठी १३९ क्रमांक किंवा रेलमदद ही रेल्वेची तक्रार सेवा. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत असेल तर महामार्ग प्राधिकरण, त्यांचा क्रमांक १०३३. मेट्रोचा खांब असेल तर मेट्रो. कटक मंडळाची (कॅन्टोन्मेंट बोर्डाची) हद्द असेल तर पालिका काहीच करू शकत नाही, अर्ज कटक मंडळाकडेच. विजेच्या खांबाला किंवा डीपीला काही बांधलेलं दिसलं तर महावितरणला १९१२ वर कळवा. तिथे प्रश्न फलकापेक्षा ओल्या तारेतून उतरणाऱ्या विजेचा असतो. नगरपालिकेच्या गावात अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा.

आणि खाजगी जागा? सोसायटीच्या गच्चीवर किंवा कोणाच्या मोकळ्या प्लॉटमध्ये असलेलं होर्डिंग "आमच्या मालकीच्या जागेत आहे" म्हणून आपोआप कायदेशीर ठरत नाही. लोकांना दिसावी म्हणूनच जाहिरात लावलेली असते, त्यामुळे पालिकेची परवानगी तिथेही लागतेच.

शंका असेल तिथे मी सरळ दोघांना लिहिते. अर्ज जागेच्या मालकाला, प्रत महापालिका आयुक्तांना. अर्जात एक वाक्य घालते: "सदर फलक सार्वजनिक रस्त्यावर पडण्याचा धोका असल्याने, जागा कोणत्याही प्राधिकरणाची असली तरी पादचारी व वाहनचालकांच्या सुरक्षिततेसाठी आपल्या स्तरावर कार्यवाही व्हावी." हे वाक्य असलं की "आमची जागा नाही" एवढ्यावर अर्ज बंद करणं अवघड जातं.

तक्रारीत काय लिहायचं

माझी दुसरी तक्रार, जी चालली, ती अशी होती. रस्त्याचं नाव, जवळच्या बसथांब्याचं नाव, समोरच्या इमारतीचं नाव, कोणत्या बाजूच्या फुटपाथवर, विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक. फलकाचा अंदाजे आकार. त्यावर कोणाचं नाव, कोणाचा फोटो, शुभेच्छुक कोण. परवानगीचा क्रमांक छापलेला आहे का? रीतसर परवानगी घेतलेल्या फलकावर परवानगीचा क्रमांक आणि मुदत दिसायला हवी, तेव्हा ती नसेल तर "फलकावर परवानगी क्रमांक व कालावधी नमूद नाही" हे स्पष्ट लिहा. असेल तर क्रमांक उतरवून घ्या. कारण मुदत संपून सहा महिने झाले तरी तसेच उभे असलेले फलक मी बघितलेत, आणि मुदत संपलेला फलकही बेकायदाच.

फोटो दोन हवेत. एक जवळून, मजकूर वाचता येईल असा. दुसरा लांबून, दुकानाची पाटी किंवा चौक दिसेल असा. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. मोठं होर्डिंग असेल तर तिसरा फोटो पायाचा घ्या: गंजलेले नट-बोल्ट, काँक्रीटला गेलेली चीर, जोडाच्या जागी वितळल्यासारखा दिसणारा गंज. फोटो लांबून झूम करून काढा, सांगाड्याच्या खाली जाऊन नको.

धोका काय आहे तेही एका वाक्यात लिहा. "शहराचं सौंदर्य बिघडतं" हे खरं असलं तरी त्यानं कोणी गाडी पाठवत नाही. "वळणावर समोरची वाहनं दिसत नाहीत", "सिग्नल झाकला गेला आहे", "फुटपाथ अडल्यामुळे शाळेची मुलं रस्त्यावरून चालतात" असं लिहिलं की काम पुढे सरकतं. वाहतुकीचा सिग्नल किंवा दिशादर्शक झाकला गेला असेल तर प्रत वाहतूक पोलिसांनाही द्या. असा फलक हटवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मध्ये आहे.

तक्रार कुठल्याही मार्गानं करा, ॲप, संकेतस्थळ, हेल्पलाइन (मुंबईत १९१६) किंवा क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज. तक्रार क्रमांक मात्र घ्याच. लेखी अर्ज दिला तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. तोंडी सांगून आलेली तक्रार कोणाच्या लक्षात राहत नाही. लोंबकळता पत्रा, वाकलेला सांगाडा असं काही दिसलं तर अर्जाच्या भानगडीत न पडता आधी अग्निशमन दलाला १०१ वर किंवा पालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन करा.

आपल्या बाजूनं न्यायालयाचा आदेशही आहे. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला. बेकायदा होर्डिंग-फ्लेक्सवर कारवाई करा, नागरिकांना तक्रारीसाठी सोय उपलब्ध करून द्या, कारवाईला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना पोलीस संरक्षण द्या, असे निर्देश त्यात महापालिका आणि नगरपालिकांना आहेत. पुढे २०२४ मध्ये, या आदेशाचं पालन होत नाही म्हणून न्यायालयानं राजकीय पक्षांनाही नोटिसा काढल्या. अर्जाच्या शेवटी या निकालाचा तारखेसह उल्लेख करा. अर्ज वाचणाऱ्याला त्याचं वजन कळतं.

पोलीस संरक्षणाची गोष्ट उगाच आलेली नाही. वरच्या कोणाचं नाव असलेला फ्लेक्स उतरवायला गेलेल्या कर्मचाऱ्याला शिव्या पडतात, कधी मारही. म्हणून तक्रारदारानंही जपून राहावं. फ्लेक्स स्वतः फाडू नका, रात्री गुपचूप उतरवू नका. त्यावर कोणा महापुरुषाचा किंवा देवाचा फोटो असेल तर एका फाटलेल्या कोपऱ्यावरून वस्तीत तणाव होऊ शकतो, आणि मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार उलट आपल्यावरच येते. लावणाऱ्याशी वाद घालू नका. नाव उघड होण्याची भीती असेल तर "माझे नाव गोपनीय ठेवावे" असं अर्जात लिहा, किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर, पाच-सहा जणांच्या सहीनं अर्ज द्या. एकट्या माणसावर दबाव आणता येतो, अख्ख्या सोसायटीवर तितका नाही.

निवडणुकीत गणित थोडं बदलतं. लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागली की सरकारी इमारतींवरचे फलक २४ तासांत, बसथांबे-पूल-खांब अशा सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खाजगी जागेवरचे बेकायदा फलक ७२ तासांत हटवायचे असतात. या काळात निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप फार उपयोगी. जागेवर उभं राहून फोटो काढायचा, तिथूनच पाठवायचा, नाव न देताही चालतं, आणि १०० मिनिटांत तक्रारीवर निर्णय देण्याचं बंधन यंत्रणेवर असतं. जुना फोटो गॅलरीतून टाकता येत नाही. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा त्या वेळी पालिकेच्या आचारसंहिता कक्षाकडे जा. निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पोस्टरचा खालचा कोपरा नीट वाचत जा.

आणि एवढं करूनही काही हाललं नाही तर? फ्लेक्सच्या बाबतीत तोवर तो फ्लेक्स गेलेला असतो आणि त्याच बांबूंवर दुसरा चढलेला असतो. पण कायमस्वरूपी होर्डिंगसाठी माहिती अधिकार वापराच. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून प्रश्न नेमके ठेवा: अमुक ठिकाणच्या होर्डिंगचा परवाना क्रमांक, मंजूर आकार, मुदत आणि शेवटच्या संरचनात्मक स्थिरता प्रमाणपत्राची, म्हणजे सांगाडा भक्कम असल्याच्या दाखल्याची, प्रत. का, कशासाठी, हे सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मी एकदा असा अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, "सदर होर्डिंगबाबत अभिलेख उपलब्ध नाही." हे उत्तर म्हणजे त्या होर्डिंगच्या परवान्याची नोंदच नसल्याचा त्यांनीच दिलेला कागद. तो जोडून पुढचा अर्ज केला तेव्हा पाहणीला माणसं आली.

याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. आयुक्तांसमोर उभं राहून बोलता येतं आणि संबंधित अधिकारी तिथेच बसलेला असतो, म्हणून मला हा मार्ग आवडतो.

आमच्या गल्लीतला फ्लेक्स दुसऱ्या तक्रारीनंतर दोन दिवसांत गेला. गाडी आली, एकानं तार कापली, दुसऱ्यानं फ्लेक्सची गुंडाळी करून आत टाकली. पण बांबू तसेच ठेवून गेले. तक्रार पुन्हा 'निकाली'. मी ती त्याच दिवशी पुन्हा उघडली आणि रिकाम्या बांबूंचा फोटो टाकला, कारण बांबू उभे असतात तोवर जागा धरलेलीच असते. ते उपटून न्यायला आणखी आठवडा गेला. मग ते उचकटलेले पेव्हर ब्लॉक राहिले, ज्यात शेजारच्या काकूंचा पाय अडकला होता, आणि त्याची तक्रार पथ विभागाकडे वेगळी करावी लागली.